मागच्या दाराजवळचा माठ

ठाण्यातल्या त्या सरकारी कचेरीत पेन्शनचं काम कुणी पुस्तक वाचून शिकलं असेल, तर त्यानं खुशाल हात वर करावा. पुस्तक होतं, नाही असं नाही. पण ते कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडक्लार्क हरिहररावांच्या जानव्याला.

खरं शिक्षण चालायचं खिडकीजवळच्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत. मधु, वासंतीबाई, सुमतीबाई डबे उघडायचे, मधोमध हरिहरराव. भेंडीबरोबर रजेचे नियम फिरायचे, कोशिंबिरीबरोबर ट्रेझरीच्या खोडी. तरी प्रत्येकजण आपला एकेक हुकमाचा पत्ता झाकूनच ठेवायचा. आणि टेबल शुद्ध शाकाहारी, त्यात तडजोड नाही.

सगुणा नवी लागलेली, चेंदणी कोळीवाड्यातली. पहिल्याच दिवशी तिनं डबा उघडला आणि हरिहररावांनी नाकाला रुमाल लावून तिला मागच्या दाराजवळचा बाक दाखवला. झालं! बसायला बाक मिळाला, पण शिकायचं कुणाकडून? बाकाशेजारी पाण्याचा माठ तेवढा होता, आणि माठ काही बोलत नाही. तिची प्रकरणं शेरे खाऊन परत यायची. वर्षाअखेर तिला कायम करायचं की घरी बसवायचं, हे हरिहररावांच्या हातात. घरी म्हणजे आईची मासळीची पाटी. आवडाबाईनं आयुष्यभर ती पाटी वाहिली, ती पोरीला खुर्ची मिळावी म्हणूनच. सगुणाला त्याचीच धास्ती होती.

एकदा ती आईपाशी रडली. आवडाबाई म्हणाली, "तू कनाला जातेस त्यांच्याकरं? वास तिथवर गेला का तेच येतील तुझ्याकरं."

दुसऱ्या दिवसापासून डब्यात चौघांना पुरतील इतके तळलेले बोंबील.

पहिला आला मधु. "पाणी प्यायला आलेलो," म्हणाला. दोन बोंबील उभ्या उभ्या खाल्ले, खिडकीकडे पाठ करून. फुकट खाल्ल्याची लाज वाटली असावी, म्हणून बिनपगारी रजेचा सगळा हिशोब तिला समजावून गेला. मग वासंतीबाई. "सासरी चालत नाही गं," म्हणत त्यांनी बोटं चाटली आणि ट्रेझरीवाले कागद नेमके कशावरून परत पाठवतात ते सांगून टाकलं. सुमतीबाईही आल्या. प्रत्येकाला वाटायचं, चोर आपण एकटेच. त्या वर्षी कचेरीला तहान फार लागायची.

जे एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या बाकावर गोळा झालं. सगुणाची प्रकरणं एका फटक्यात मंजूर व्हायला लागली. अडलं की मधु तिला विचारायचा आणि वासंतीबाईसुद्धा. खिडकीचं टेबल नुसतं जेवण्यापुरतं उरलं.

हरिहररावांना हे दिसत नव्हतं थोडंच! त्यांनी तिची परीक्षा ठेवली ती नेमकी श्रावणात. माठाकडे कुणी फिरकत नव्हतं. सगळे टेबलाशी, आणि सगुणा समोर उभी.

त्यांनी रजेचं विचारलं, तिनं सांगितलं. ट्रेझरीचं विचारलं, तेही सांगितलं.

"कुणी शिकवलं?"

मधुला ठसका लागला. वासंतीबाई डब्यात बघत राहिल्या.

"ऐकून ऐकून, साहेब."

"असं? मग फायलींना तळणीचा वास कसा येतो?" सगुणानं हात मागे लपवले. "बरं. एखाद्याच्या नोकरीत मधेच खंड पडलाय, तो कसा भरून काढाल?"

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. आईची पाटी डोळ्यांसमोर आली. आता जातच असेल नोकरी, तर जाऊ दे.

"नाही येत, साहेब. कचेरीत हे फक्त तुम्हाला येतं. आणि तुम्ही अजून एकदाही पाणी प्यायला आला नाहीत."

वासंतीबाईंनी तोंडाला पदर लावला. हरिहररावांनी तिचा कागद ओढला, 'कायम करावे' असं लिहून सही केली. मग पेनाचं टोपण लावता लावता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत हळूच म्हणाले,

"श्रावण संपला की सांगतो तो खंडाचा नियम. फक्त आईंना म्हणावं, तिखट जरा बेतानं."