टस्कनीच्या खालची ओळ

आमच्या कबरस्तानाखाली अख्खं ग्रंथालय पुरलेलं आहे. खोटं सांगत नाही. निदान एरवी सांगतो तितकं तरी नाही. कबरीवरच्या उभ्या शिळेचा हातभर भाग मातीत जातो, आणि मातीत जाणारी बाजू घडवणाऱ्याची, असा व्हर्माँटमधल्या आमच्या ग्रॅनाइटच्या शेडचा रिवाज. तिथं काय कोरलं हे मालक विचारत नाही. कुणी मालकालाच शिव्या कोरल्या, कुणी शेजाऱ्याच्या बायकोचं नाव. एका बँकेच्या अध्यक्षाच्या शिळेखाली मी पोलेंटाची, म्हणजे आमच्या मक्याच्या लापशीची, कृती कोरून ठेवली आहे, मीठ किती घालायचं त्यासकट.

लिबेरो वानेल्लीनं मात्र साठ वर्षांत खाली एक अक्षर कोरलं नाही. आम्ही दोघं एकाच बोटीनं आलो, एकाच बाकावर दगड घडवत म्हातारे झालो. त्याच्या शेवटच्या पानगळीत त्यानं स्वतःची शिळा घडवायला घेतली. नाव झालं, जन्मसाल झालं, आणि दगडाच्या धुळीनं भरलेल्या छातीतला दम संपला. राहिली शेवटची ओळ: माणूस कुठला. ती माझ्याकडे आली.

त्याचं उरलेलं माणूस एकच, नात मार्सी. कनेटिकटला घरं विकते. ती भेटायला आली तेव्हा मी तिथंच होतो.

“टस्कनी लिहा, आजोबा,” ती म्हणाली. “टस्कनी म्हटलं की सगळ्यांना लगेच कळतं.”

“काय कळतं?”

“ऊन, द्राक्षं, पिवळ्या भिंती. माझ्या नव्या वसाहतीचं नावच टस्कनी आहे. चौतीस घरं महिन्यात गेली. बाजारात टस्कनीचं सूपसुद्धा मिळतं, डब्यातलं.”

“डब्यात भरलं होय,” लिबेरो म्हणाला. “तरीच आम्हाला कधी दिसलं नाही.”

ती हसली. त्याला खोकला आला म्हणून तोही हसला असं तिला वाटलं.

ती गेल्यावर त्यानं माझी बाही धरली. “नेल्लो, तिची टस्कनी, आपली तोस्काना, म्हणजे डोंगरापलीकडचे, सपाटीवरचे लोक. आपल्या खाणीतला संगमरवर त्यांच्या चौकात उभा राहिला, म्हणून आपण त्यांच्यातले झालो का रे?”

“नाही झालो.”

“मी फोसारेल्लाचा. नऊ घरं आणि एक झरा. बापाला दगडानं नेलं. चेस्टनटचं पीठ संपलं त्या हिवाळ्यात धाकटी बहीण इदा गेली.”

“मग पोरीला सांग की हे.”

“सांगायचं तेव्हा सांगितलं नाही. आता सांगायला श्वास पुरत नाही.” तो खिडकीबाहेरच्या बर्फाकडे वळला. “फोसारेल्ला लिहिलं तर ती कबरीपाशी परक्यासारखी उभी राहील. टस्कनी लिहिलं तर मी परक्यासारखा झोपेन.”

 

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं निरोप पाठवून बोलावलं. आवाज कागदासारखा झाला होता. “वर टस्कनी घाल. मातीत जाईल तिथं फोसारेल्ला. वरचं वाचायला माणसं आहेत. खालचं मी वाचीन. आणि तिला सांगू नकोस.”

“माझ्यावर विश्वास आहे?”

“तुझ्या खोटं बोलण्यावर आहे.”

दोन दिवसांनी तो गेला. आमच्याकडे जमीन मे महिन्यापर्यंत गोठून दगडासारखी असते. गेलेला माणूस तोवर कबरस्तानाच्या तळघरात थांबतो. तेवढ्या वेळात मी दोन्ही ओळी कोरल्या. वरची पुरेशी चांगली केली. खालची, मातीच्या खुणेच्या लगेच खाली, माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे.

मेमध्ये त्याला मातीत ठेवायच्या सकाळी आम्ही शिळा क्रेनच्या साखळीनं वर उचलली. मार्सी ठरल्यापेक्षा तासभर आधी आली होती. शिळा हवेत लटकलेली, आणि खालची ओळ थेट तिच्या डोळ्यांसमोर.

“हे काय आहे, नेल्लोआजोबा?”

“खाणीचं नाव,” मी म्हणालो. “हा दगड तिथूनच आला. खाण मोठी, एक माणूस एकदा आत वाट चुकला तो थेट...”

“हा दगड याच डोंगरातला आहे. आजोबांनीच मला सांगितलं होतं.”

मग मी सांगितलं. नऊ घरं, झरा, बाप, पीठ, इदा. एकही गोष्ट वाढवली नाही; तशी वेळ माझ्यावर पुन्हा न येवो.

तिनं हातमोजा काढला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. “इदा केवढी होती?”

“चार वर्षांची.”

क्रेनवाला खोळंबला होता. मार्सीनं त्याला विचारलं, “वीतभर कमी खोल बसवता येईल?”

“बसेल. पण आमच्याकडची थंडी दगड वर ढकलते, बाई. पाच-सहा वर्षांत कलेल.”

“कलू दे.”

त्याला सात वर्षं झाली. कबरस्तानातली ती एकच शिळा कललेली आहे. दर मेमध्ये मार्सी येते, गुडघ्यांवर बसते आणि कात्रीनं गवत कापून खालची ओळ मोकळी करते. येणारे-जाणारे मला विचारतात, ही शिळा वाकडी का. प्रत्येकाला मी वेगळं कारण सांगतो.