उजव्या सीटवरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. वैमानिक मला कानांवर चढवतात आणि माझ्या दांडीवरच्या माइकमधून बोलतात. आजच्या हेडसेटांसारखा मी हलका नाही. माझी पकड घट्ट आहे आणि डाव्या कानाच्या गादीला चीर गेली आहे. माझा स्वभावही थोडा संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला चेहरे दिसत नाहीत, फक्त आवाज ऐकू येतात. आयुष्यभर नुसते आवाजच ऐकणाऱ्याला माणूस गोड केव्हा बोलतो आणि खरे केव्हा, यातला फरक हळूहळू उमगू लागतो.

कारखान्यातून मी थेट एका वैमानिकाच्या हाती आलो; सगळे त्याला मामा म्हणत. मामा एका इंजिनाचे छोटे मालवाहू विमान एकटाच चालवत असे. औषधांची खोकी, मोटारींचे सुटे भाग, एकदा तर पिंजऱ्यातली कोंबडीची पिल्लेसुद्धा त्याने नेली. "हा माझा तिसरा कान," असे तो सगळ्यांना सांगत असे. ते दिवस माझ्या मानाचे होते. मोठ्या विमान कंपनीचे दार मात्र त्याला कधीच उघडले नाही. तिथे दोन इंजिनांच्या विमानावरचा अनुभव मागत, आणि मामाचे उड्डाणाचे सगळे तास एकाच इंजिनाखाली सरले होते. पुढे त्याचे खरे दोन कान अधू झाले, वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला आणि मी कपाटात मोडक्या छत्र्यांच्या शेजारी जाऊन पडलो. तिथे किती वर्षे गेली कोण जाणे. माझ्या गाद्या कडक झाल्या आणि तारेवर धुळीचा थर बसला.

मला बाहेर काढले ते मामाच्या भाचीने. रेडिओवर तिची अखंड टकळी चाले, म्हणून उड्डाणशाळेत तिला सगळे टिटवी म्हणत. तिला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नुकताच मिळाला होता, पण नोकरी नव्हती. विमान कंपनीला अनुभव हवा आणि अनुभवाला नोकरी हवी, अशा कात्रीत ती सापडली होती. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. उड्डाणशाळेचे मास्तर तिला शिक्षिका म्हणून ठेवायला तयार होते. पण तिथली बहुतेक विमाने एका इंजिनाची. दुसरीकडे, भाड्याने विमाने देणाऱ्या एका कंपनीचा कॅप्टन तिला दोन इंजिनांच्या विमानात उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीटवर बसवायला निघाला होता.

"डोळे मिटून जा टिटवे," मामा म्हणाला. "मी एका इंजिनापायी आयुष्यभर खोकी वाहिली. तू तरी शहाणी हो."

"डोळे मिटून कशाला जाईल ती?" तिची आई स्वयंपाकघरातून ओरडली. "विमान चालवायचंय ना तिला?"

एवढा मोठा कॅप्टन एका नवख्या मुलीला आपणहून का बोलावतो, हे टिटवीला कळत नव्हते. ते मलाही कळत नव्हते. मास्तरांना तरी ती का हवी होती? स्वस्तात मिळते म्हणूनच ना? आणि मामाचा आग्रह भाचीसाठी होता, की स्वतःच्या हुकलेल्या आयुष्यासाठी? त्या घरात तेव्हा सल्ले उदंड होते, पण त्यांतला एकही निखळ आहे असे मला वाटत नव्हते.

कॅप्टनने तिला एका फेरीसाठी बोलावले. तिने माझी तार उजव्या बाजूच्या खाचेत खोचली. मागे दोन प्रवासी बसले होते.

"या बेटा, हे आता तुझंच विमान समज," कॅप्टनचा आवाज आला. त्या आवाजात साखर जरा जास्तच होती. "गणवेशाच्या खांद्यावरच्या पट्ट्या नीट कर. प्रवासी बघतात."

विमान वर गेले. टिटवीने पायांत घोटाळणारी नकाशाची पिशवी बाजूला सारली आणि विचारले, "सर, विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याशी मी बोलू?"

"बोल की! तुझा आवाज गोड आहे."

तिने बोलण्याचे बटण दाबले आणि विमानाचे नाव, उंची, दिशा असे सगळे शिस्तीत सांगितले. मित्रांनो, माणसाला कळण्याआधी हेडसेटला एक गोष्ट कळते. आवाज बाहेर जातो तेव्हा माझ्या पोटात एक बारीक खरखर होते. ती झाली नाही. टिटवीचे शब्द वैमानिकांच्या त्या काचेच्या खोलीतच घोटाळत राहिले. मनोऱ्याने उत्तर दिले नाही. तिने पुन्हा बटण दाबले. पुन्हा सगळे चिडीचूप.

कॅप्टन हसला, त्याने स्वतःच्या बाजूचे बटण दाबले आणि तीच वाक्ये म्हटली. मनोऱ्याचे उत्तर तत्काळ आले.

"ते तिकडचं बटण जरा नाटकी आहे," तो म्हणाला.

"कधीपासून, सर?"

"असेल बुवा. कुणाला कधी लागलंच नाही."

टिटवीने ते मुके बटण आणखी एकदा दाबून पाहिले. मग तिने विचारले, "हे विमान एकाच वैमानिकानं चालवायचं आहे ना, सर? मग माझे तास कशात धरणार?"

"तास म्हणजे तास गं! बसलीस ना वर? प्रवाशांना दोघं दिसले की बरं वाटतं, तुझेही तास भरतात. सगळ्यांचंच भलं."

म्हणजे ती जागा अनुभवाची नव्हती, दाखवण्याची होती. विमान कंपनीने विचारले असते, त्या तासांत तू काय केलेस, तर टिटवी काय सांगणार होती? ताठ बसले होते?

तिने कॅप्टनला नकार दिल्याचे घरी कळताच मामा उखडला. "घाबरलीस, आणि आता बटणाचं कारण काढतेस?"

"मामा, ते बटण कधीपासून बंद आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या खुर्चीतून कुणी कधी बोललंच नाही रे."

मामाने माझी तार गुंडाळली. मग हळू आवाजात म्हणाला, "मी इंजिनं मोजली. खुर्ची बघितलीच नाही."

टिटवीने मास्तरांनाही सोडले नाही. "मला घेण्यात तुमचा फायदा काय?" तिने सरळ विचारले.

"आहेच की फायदा," मास्तर म्हणाले. "माझे दोन शिक्षक सोडून गेले, मुलं खोळंबलीत. तूही पुढे जाशीलच. आमच्याकडे दोन इंजिनांचं एक म्हातारं विमान आहे, त्यावर शिकवायची परवानगी तुला काढता येईल. पण ते विमान तोवर टिकेल असा शब्द देत नाही."

या बोलण्यात साखर नव्हती. माझा संशय पुरता गेला नाही, पण बसायला जागा शोधू लागला.

टिटवीचा पहिला विद्यार्थी एक दंतवैद्य होता, हौसेने शिकणारा. धावपट्टीजवळ येताना विमानाचा वेग घसरला आणि दंतवैद्याचे हात गोठले. "आता काय करू, बाई?" एवढेच तो पुटपुटत राहिला.

"सोडा. विमान माझ्याकडे," टिटवी म्हणाली. इंजिन गरजले, नाक सावरले, आम्ही पुन्हा वर चढलो. तिने बटण दाबून मनोऱ्याला कळवले आणि माझ्या पोटात ती ओळखीची खरखर झाली.

पुढे म्हाताऱ्या विमानाने तग धरला आणि दोन इंजिनांचे तासही तिने शिकवता शिकवता मिळवले. मोठ्या कंपनीच्या मुलाखतीत तिला विचारले, "तुम्ही स्वतः घेतलेला एखादा निर्णय सांगा." तिने दंतवैद्याची गोष्ट सांगितली. तिची निवड झाली. हे ती मामाला मोठ्याने सांगत होती, म्हणून मला कळले. मामाने ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतले. त्याला पहिल्याच वेळी नीट ऐकू आले होते, याची मला खात्री आहे.

तिथे तिला नवा हेडसेट मिळाला. मी आता उड्डाणशाळेत खुंटीवर आहे. "तुला न्यायला येईन हं," असे ती जाताना म्हणाली होती. त्या आवाजात किंचित साखर होती, म्हणून मी वाट पाहत नाही. रोज नवी मुले मला चढवतात, आपटतात, तार धरून हिसडतात.

मित्रांनो, तार ओढू नका, टोकाचा प्लग धरून अलगद काढा. माझी गादी कोरड्या फडक्याने पुसा. आणि कुणी तुम्हाला मोठ्या विमानातली खुर्ची देऊ केली, तर आभार मानण्याआधी तिथले बटण दाबून एकदा बोलून पाहा. बाहेरून उत्तर येईपर्यंत थांबा.