महादेवकाकांचे चार महिने

"काका, तुम्ही हिंदू की मुसलमान?"

विचारलं एकदाचं! मागे लिंबाच्या बुंध्याआड शकुंतला आणि शारदा तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. हे विचारून दाखवलं तर आठवडाभर माझं दप्तर शकुंतला वाहणार, अशी पैज होती.

महादेवकाका बुलढाण्याच्या कचेरीसमोर पत्र्याची पेटी पुढ्यात घेऊन बसत. अंगात विटका काळा कोट, कपाळावर गंध, आणि हातात मात्र उजवीकडून डावीकडे चालणारं लिखाण. आम्हा पोरींना त्याचं भारी कोडं. त्यांनी मान वर केली. रागावले नाहीत. रागवायचासुद्धा कंटाळा आला असावा.

"हिंदूच हाव, बाई," ते म्हणाले. "पन जन्म मोगलाईतला, निजामाच्या राज्यातला, जालन्याकडचा. तिकडं शाळाच उर्दूची. घरात मराठी बोलाचं, पाटीवर उर्दू लिवाचं. आता तिकडचे जुने कागद इकडं कोनाले वाचता येत नाईत, म्हनून बसतो इथं. अजून काई?"

"हाव. मले शिकवा."

हे पैजेत नव्हतं. पण नुकतीच मी वक्तृत्वात पहिली आले होते, आणि त्या वर्षी मला वाटायचं की जगात न येण्यासारखं काहीच नसतं.

"काय करतं शिकून?" ते थकल्या आवाजात म्हणाले. "महाराष्ट्र झाला. आता समदं मराठीत."

तरी शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी पेटीपुढे हजर. मला वाटलं, आधी व्याकरण घोकायला लावतील. ते म्हणाले, "ते येते मांगून. आज काय जेवली ते लिव." म्हणून माझा पहिला शब्द रोटी, दुसरा पानी. मग घर झालं, बाजार झाला, ताप आला तर वैद्याला काय सांगायचं तेही झालं. माझं पहिलं अख्खं वाक्य होतं, "हमारे घर में कुआँ है." काकांनी वही पार नाकाला लावली.

"इथं टिंब राह्यलं. विहिरीले टिंब नाई, तं पानी कुठून येईन? दहादा लिव."

लिहिलं दहादा. पुढे पुढे त्यांनी वही तपासणं सोडूनच दिलं. "तूच वाचून दाखव," म्हणायचे. मला वाटलं, शिकवायची हीच रीत असेल.

माघ सरत आला तेव्हाची गोष्ट. बीबी गावच्या रुखमाबाई आल्या. एस.टी.च्या धुळीने लुगडं लाल झालेलं, कमरेला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी चार घड्यांचा पिवळा कागद काढला. त्यांचं शेत जुन्या मोगलाईच्या हद्दीपलीकडे, त्याचं हे वाटणीपत्र. सासऱ्यांनी मोगलाईच्या काळात केलेलं.

"दीर म्हनतो, विहीर माझ्या एकट्याची," त्या म्हणाल्या. "उद्या पंच बसनार हायेत. कागदात विहीर नसंल तर अंगठा देऊन टाकते बापा. लई दमले भांडून."

काकांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि घडाघडा वाचायला लागले. वाचायचं उर्दू, लगेच सांगायचं मराठी. "पूर्वेले नाला, पश्चिमेले पांदन, मधात जमीन, दोघा भावाइले निम्मी निम्मी..." सुर्रकन शेवटाला आले. "विहिरीचं काई नाई, बाई."

रुखमाबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि घड्या घालायला हात पुढे केला.

मी काकांच्या खांद्यावरून बघत होते. ते मोडकं, घाईचं अक्षर मला कुठलं वाचता येतंय! पण खालून तिसऱ्या ओळीत एक शब्द ओळखीचा होता. काफ, नून, नूनवरचं टिंब, वाव. दहादा लिहिलेला.

"काका, इथं कुआँ हाय."

"कुठं?"

"हे काय, इथं."

मी बोट ठेवलं. काका बोटाकडे बघेनात. ते समोर बघत होते. तेव्हा मला समजलं. ते वाचतच नव्हते. असल्या शेकडो कागदांचा मजकूर ठरलेला, तो त्यांना पाठ. कागद समोर धरायचा आणि पाठ म्हणायचं.

रुखमाबाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, जीभ चावून टाकावी.

"वाच," काका हळूच म्हणाले.

"मले येत नाई. फक्त हाच शब्द..."

"अक्षरं सांग. एकेक."

मी एकेक अक्षर सांगत गेले, काका शब्द सांगत गेले. जिथं मला अक्षर लागेना, तिथं मी बोटाने त्यांच्या तळहातावर आकार काढला. एवढ्याशा तीन ओळींना ऊन पेटीवरून सरकून रस्त्यावर गेलं. विहीर दोघा भावांची होती. पाणी एक दिवसाआड.

रुखमाबाई रडल्या नाहीत की हसल्या नाहीत. "म्हंजे अजून भांडाचं," म्हणाल्या. कागद पिशवीत घातला, काकांना वाकून नमस्कार केला आणि चारची एस.टी. गाठायला निघाल्या. काका पाय मागे घेत होते, हे त्यांनी पाहिलं नाही.

"कवापासून दिसत नाई, काका?"

"चार महिने झाले. समोर धुकं हाय नुसतं." त्यांनी चष्मा काढून पेटीत ठेवला. "वाटलं, पाठ तं हाय. इतकी वर्षं तेच ते." मग बोटांवर माणसं मोजायला लागले. "किनगावची गोजरबाई. रोहिणखेडचे शेषराव. देऊळगावचा तो भगवानराव, त्याची म्हातारी होती संगं..." एकेक नाव, एकेक गाव. बाराशी थांबले. "बारा लोक, पोरी. त्याइले मी काय वाचून देल्लं?"

मी वही काढली आणि ती बाराही नावं, गावं लिहून घेतली. त्यांनी पेटी बंद केली, आणि कडी दोनदा चुकली.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती, बाबा कचेरीतून येऊन पाय धूत होते. बोटांची शाई दिसू नये म्हणून एरवी मी हात मागे धरायची. त्या दिवशी धरले नाहीत; काकांकडचं शिकणं, त्यांचे डोळे, सगळं सांगून टाकलं.

"बाबा, मले बारा पोस्टकारडं पायजेत. नावं, गावं मी लिवून आनली. कागद घेऊन परत या, असं त्याइले कळवाचं हाय."

"अन् आले तं? वाचीन कोन?" बाबांनी विचारलं.

"काका अन् मी."

"पोरीच्या जातीनं कचेरीपुढं बसाचं?" आईचा हात भाकरीवर थांबला. "लोक काय म्हनतीन वो?"

"म्हनू दे. बारावा मानूस येऊन जाईस्तोवर मी रोज शाळा सुटली की काकाच्या पेटीजवळ बसनार. आई, मी इचारून नाई राह्यली. सांगून राह्यली."