बक्कलावरची दहा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना मेटल डिटेक्टर आहे. नयना गेली. हे दुसरं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. कागदोपत्रीही तसंच धरलं आहे.

चंदीगडच्या एका सरकारी रुग्णालयाच्या फाटकावर मी लागलो, तेव्हा बॉम्ब आणि बंदुकांचे दिवस होते. येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरून मला फिरवत. जेवणाचे डबे, कुबड्या, एकदा एका आजोबांची कवळी, सगळ्यांवर मी वाजलो. माझं फार कौतुक व्हायचं. बंदूक मात्र मला कधीच सापडली नाही.

तिथल्या समाजसेविका शैलजाताई दर शनिवारी नर्सना शिकवत: मार खाऊन आलेल्या बाईला घरी किती धोका आहे, हे कसं ओळखायचं. पाच प्रश्न होते. नवऱ्याने गळा दाबला असं ती म्हणाली, तर तिला घरी सोडायचं नाही. आणि त्याच्यासमोर काहीही विचारायचं नाही.

अडचण एवढीच होती, की रोग्याची ओळख पटवणाऱ्याने रोग्याला सोडून हलायचं नाही, असा सुरक्षेचा नियम होता. ओळख पटवणारा बहुधा नवराच.

मग ताईंनी मलाही प्रशिक्षण दिलं. म्हणजे चौकीदार रघुवीरला दिलं, पण वाजायचं मला होतं. नवऱ्याची तपासणी चालू असताना पेशंट पुढे जाऊ शकते ना, असं त्यांनी विचारलं. "पक्का जी," रघुवीर म्हणाला. तेव्हापासून मी नवऱ्यांच्या पट्ट्याच्या बक्कलावर वाजायचो, पुन्हा वाजायचो. त्याची दहा मिनिटं फाटकावर, तिची पाच उत्तरं आत. अशा अकरा बाया वाचल्या.

डिसेंबरात माझी बॅटरी संपली. मागणीपत्र तीनदा परत आलं. वर्षभरात एकही शस्त्र न सापडलेल्या यंत्राला बॅटरी कशाला, असा शेरा होता.

त्या मंगळवारी श्रीपाद आपल्या बायकोला, नयनाला, घेऊन आला. रघुवीरने मला बक्कलावरून सात वेळा फिरवलं. मी गप्प. "झालं ना, भाई?" श्रीपाद हसून म्हणाला आणि तिच्याबरोबर आत गेला.

सरला सिस्टरने नयनाच्या मफलरकडे पाहिलं, मग श्रीपादकडे. तो हलेना.

"बाथरूममध्ये पडले हो, सिस्टर," नयना म्हणाली.

सिस्टरने तेच लिहिलं.

शुक्रवारी नयनाला पुन्हा आणलं. या खेपेला ओळख सरला सिस्टरने पटवली. मफलर तोच होता.

आता मी भांडारात मोडक्या स्ट्रेचरखाली असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, एक अर्ज तेवढा पुढे पाठवा: प्रस्तुत यंत्रास नऊ व्होल्टची एक बॅटरी मंजूर व्हावी, आणि सदर मंजुरी त्या मंगळवारी सकाळी दहा वाजल्यापासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावी, ही विनंती.