सभेआधी लिहिलेलं इतिवृत्त

राज्यशास्त्राच्या तासाला प्रोमिला बाकावर कधीच नीट बसत नसे. अर्धी बसलेली, अर्धी उठलेली. मॅडमनी प्रश्न विचारायचा अवकाश, हिचा हात वर! मागच्या बाकावरच्या मुली म्हणायच्या, "हिला बाकाला बांधून ठेवा कुणीतरी."

जींदच्या मुलींच्या कॉलेजात त्या दिवशी विषय होता पंचायत कायदा. हरियाणात पंचायत लढवायची तर शिक्षणाची अट; बाई असेल तर निदान आठवी पास. संतोष मॅडमनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "ही अट बरोबर की चूक?"

"बरोबर!" प्रोमिला उठलीच. "कागद वाचता येत नसेल तर आपण सही कशावर करतोय हे त्या बाईला कळणार कसं? मग नवराच कारभार करणार. शिकलेली बाई आली की नवऱ्याची सद्दी संपली!"

वर्गानं बाकं बडवली. मॅडम हसल्या, पण अर्ध्याच. "आणि जिला शाळाच मिळाली नाही, तिनं दाखला कुठून आणायचा? आधी शाळा द्यायची नाही, मग शाळा नाही म्हणून खुर्ची द्यायची नाही. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा, आणि तो गुन्हाही तिचा नाही."

"मॅडम, कुठूनतरी सुरुवात करायलाच हवी ना?"

पुन्हा बाकं वाजली. वाद प्रोमिलानं जिंकला. संध्याकाळी ती रोडवेजच्या बसमधून उतरली तेव्हाही तिचे गाल त्या विजयानं लालच होते.

घरी अंगणात बाजेवर दोन अनोळखी माणसं बसली होती. मध्ये हुक्का, शेजारी लाडवांचा डबा, आणि बापू नको तितके हसत होते. पांढऱ्या धोतरातल्या थोराड माणसानं तिला पाहिलं आणि म्हटलं, "ये पोरी. आज एकवीस पूर्ण झाली म्हणे. तोंड गोड कर."

प्रोमिला चकितच झाली. तिचा वाढदिवस या घरात कधी कुणाला आठवला नव्हता. तिच्या आईचं तर नावच भतेरी, म्हणजे 'पुष्कळ झाल्या'. तिसरी मुलगी झाली की त्या भागात असलीच नावं ठेवतात. अशा घरात वाढदिवसाचे लाडू, आणि तेही परक्या गावाहून!

पाहुणा होता सांवलखेडीचा दलेलसिंग. दहा वर्षं सरपंच. धाकट्या मुलासाठी, नवीनसाठी, मुलगी बघायला आला होता. बापूंनी फोटो पुढे केला तर तो म्हणाला, "फोटो राहू दे, महावीर. दहावीचं सर्टिफिकेट दाखव."

सर्टिफिकेट आलं. दलेलसिंगानं ते उजेडाकडे धरलं आणि म्हैस घेताना माणूस दात बघतो तशी जन्मतारीख निरखली.

"देण्याघेण्याचं कसं?" बापूंनी घाबरत विचारलं.

"एक रुपया. अरे, आम्ही सुधारलेली माणसं आहोत."

बापूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. थोरलीच्या लग्नात एक किल्ला, म्हणजे एकरभर, जमीन विकावी लागली होती त्यांना. इथे एक रुपया! दलेलसिंगानं लपवलंही काही नाही. "सरळ सांगतो. यंदा आमच्या गावची सरपंचाची जागा बायकांसाठी आहे. बाई एकवीस पूर्ण आणि आठवी पास हवी. माझी घरवाली अंगठेबहाद्दर, थोरली सून पाचवी नापास. अर्ज भरायला अठरा दिवस उरलेत."

प्रोमिला धावत स्वयंपाकघरात गेली. "माँ, ऐकलंस? मला सरपंच करतायत!"

भतेरीनं तव्यावरची बाजरीची रोटी उलटली. "तुला नाही गं. तुझ्या कागदाला."

"माँ, तुला कायदा माहीत नाही."

"नाही माहीत. माणसं माहीत आहेत."

पण ऐकतंय कोण! एकविसाव्या वर्षी खुर्ची चालून येतेय, वर्गात जे भांडून सांगितलं तेच करून दाखवायची संधी येतेय, आणि वर बापूंच्या डोळ्यांतलं पाणी. तिनं एकच अट घातली: बी.ए. पुरं करू द्यायचं. दलेलसिंग खुशीत म्हणाला, "कर ना! सरपंच बी.ए. म्हटल्यावर फलकावर शोभून दिसेल."

नऊ दिवसांत लग्न लागलं. एका रुपयाच्या लग्नाची बातमी फोटोसकट छापून आली. फोटोत दलेलसिंग तो रुपया दोन बोटांत धरून उभा होता. वर्गातल्या मुली आल्या, दमेपर्यंत नाचल्या आणि "सरपंचसाहिबा, आम्हाला विसरू नका बरं" म्हणून चिडवून गेल्या.

तिसऱ्या दिवशी, हातावरची मेंदी फिकी पडायच्या आधी, ती सासऱ्यामागून अर्ज भरायला गेली. रांगेत तिच्या पुढे एक पन्नाशीची बाई होती. नाव बिरमा. सांवलखेडीच्या खालच्या वस्तीत नळ आला तो हिच्यामुळे. अकरा दिवस पाण्याच्या कचेरीच्या दारात ती घागर घेऊन बसली होती. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "आठवी?"

"शाळा गावात आली तेव्हा माझी चार लेकरं होती, भाऊ."

"मग घरी जा, ताई. पुढचा."

पुढची प्रोमिला होती. दोनदा शिक्षा, असं मॅडम म्हणाल्या होत्या ते तिला तिथे आठवलं. बिरमा वळली, घुंघटाआडच्या नव्या नवरीकडे क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "शिकलेली आहेस होय? चांगलंय. नळाकडे लक्ष ठेव हं." राग नव्हता त्या आवाजात. राग असता तर प्रोमिलाला बरं वाटलं असतं.

प्रचाराच्या फलकावर दलेलसिंगाचा मोठा फोटो, त्याच्याजवळ हात जोडलेला नवीन, आणि कोपऱ्यात हनुवटीपर्यंत घुंघट ओढलेली एक आकृती. मत कुणाच्या तोंडाकडे बघून द्यायचं होतं, देव जाणे! पण दिली लोकांनी. प्रोमिला निवडून आली. हार सासऱ्याच्या गळ्यात पडले आणि गाव दलेलसिंगालाच 'सरपंचसाहेब' म्हणत राहिलं.

मग सुरू झाला सरपंचाचा कारभार. पहाटे पाच म्हशींचं शेण, मग गोवऱ्या, मग दूध, मग बारा माणसांच्या रोट्या. शिक्का सासऱ्याच्या खिशात. पहिल्या महिन्यात ग्रामसचिव सतपाल सहीसाठी कागदांचा गठ्ठा घेऊन आला. "वाचल्याशिवाय मी सही करणार नाही," असं तिनं आतून सांगितलं. दलेलसिंग रागावला नाही. त्यानं नुसती नवीनला हाक मारली.

पुढे सतपाल तिच्याकडे आलाच नाही. नवीननं तिची सही गिरवून गिरवून इतकी घटवली, की तिच्यापेक्षा त्याचीच वळणदार यायला लागली.

"माझं नाव आहे ते, नवीन."

"अगं पण पिताजी सगळं बघतायत ना? तुला कसला ताप?" तो मनापासून म्हणायचा. त्याला खरंच कळत नव्हतं. हेच तर भयंकर होतं.

परीक्षा आली. लोकप्रशासनाचा पेपर सकाळी नऊला. ती आठवडाभर गोवऱ्या थापताना धडे पुटपुटत होती. निघायच्या वेळी सासू दारात आडवी आली. "सरपंचानं बसनं हिंडणं पदाला शोभत नाही, असं ते म्हणालेत."

"मग जीपनं जाते."

"जीप ते घेऊन गेलेत."

म्हणजे बसनं जायचं तर पद आडवं, आणि जीपनं जायचं तर जीप जागेवर नाही. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. अर्ध्या तासानंतर आलेल्यांना आत घेत नाहीत हे तिला पाठ होतं. तिनं चपला काढून ठेवल्या आणि म्हशींना चारा घातला.

त्या दुपारी गोठ्याआडून तिनं मॅडमना फोन लावला. "मॅडम, तो वाद मी हरले."

मॅडम म्हणाल्या, "ग्रामसभेचा धडा आठवतो? सभेचं अध्यक्षपद कुणाकडे?"

"सरपंचाकडे."

"हजर नसलेल्या सरपंचाचं अध्यक्षपद कोण चालवतं, ते तू बघतेयसच. सरपंच हजर राहिली तर काय होतं, ते कुणी पाहिलेलं नाही."

दोन दिवसांनी बिरमा दलेलसिंगाच्या बैठकीच्या खोलीच्या दारात आली. खालच्या वस्तीचा नळ महिनाभर कोरडा होता. पाइप मध्येच तोडून दलेलसिंगानं आपल्या नव्या डेअरीकडे वळवला होता.

"सरपंचाला भेटायचंय," बिरमा म्हणाली.

"बोल की. समोर बसलोय."

"तुम्हाला नाही. पोरीला."

बैठकीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "काकी, पोरगी शेणात आहे. हात धुवून येईपर्यंत तुझ्या नळाला पाणी यायचं!" दलेलसिंग हुक्क्याचा धूर सोडत म्हणाला, "शुक्रवारी ग्रामसभा आहे. डेअरीला पाणी द्यायचा ठराव होईल, मग तक्रारीला जागाच उरणार नाही. ये ऐकायला."

भिंतीपलीकडे प्रोमिला उभी होती. हात खरंच शेणानं भरलेले होते. तो ठराव तिच्या नावानं होणार होता. पाणी तोडणारी म्हणून कागदावर कायमची तीच राहणार होती, आणि बिरमानं तिला एकच गोष्ट सांगितली होती: नळाकडे लक्ष ठेव.

शुक्रवारी दुपारी चौपालीवर, गावाच्या बैठकीच्या उंच ओट्यावर, सभा भरली. हरियाणात चौपालीवर बायका चढत नाहीत. समोरून जातानासुद्धा तोंड झाकून जातात. बिरमा आणि वस्तीतल्या चार बायका म्हणूनच खाली भिंतीला टेकून उभ्या होत्या. आणि घराच्या बाजूनं प्रोमिला आली. पायऱ्यांपाशी थांबली. घुंघट मागे टाकला. चढली.

चिलीम फिरायची थांबली. एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. नवीन धडपडत उठला, "अगं, काय हे, घरी चल..."

"सतपालजी, रजिस्टर द्या," ती म्हणाली.

सतपालनं दलेलसिंगाकडे पाहिलं. दलेलसिंग मोठ्या मनानं हसला. "दे रे. शिकलेली सून आहे. बघू दे चित्रं."

तिनं रजिस्टर उघडलं आणि बघतच राहिली. शुक्रवारचं इतिवृत्त लिहून तयार होतं! अजून सभेचं तोंडही उघडलं नव्हतं आणि सभा संपलेली होती. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'आज सरपंच प्रोमिला यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. हजर दोनशे चौदा, पैकी महिला सत्त्याण्णव.'" तिनं मान वर केली. "मोजा बरं. चौपालीवर महिला एक. मी. बाकीच्या शहाण्णव कुठे बसल्यात?"

भिंतीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं.

"'डेअरीला पाणी देण्याचा ठराव श्रीमती बिरमा यांनी मांडला.' काकी, मांडलास का?"

"माझ्या मेल्या बापानं मांडला असंल!" बिरमा खालून ओरडली.

"'सरपंच महोदयांनी ग्रामस्थांचे आभार मानले. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' पुढे सही आहे. सुंदर आहे. माझी नाही."

आता मात्र कुणी हसलं नाही. दलेलसिंग उठला. सुनेनं सासऱ्यापुढे आवाज काढू नये, सासऱ्यानं भर गावात सुनेशी बोलू नये, अशी तिथली रीत. म्हणून तो मुलाशी बोलला. "नवीन, हिला घेऊन चल. सभा संपली."

"संपली नाही," प्रोमिला थेट सासऱ्याकडे बघून म्हणाली. "सभा संपली असं सरपंचानं म्हणायचं असतं. मी म्हटलेलं नाही."

दलेलसिंगाचा चेहरा काळानिळा झाला. तिला माहेरी हाकलून द्यायची धमकी त्याच्या जिभेवर आली असणारच. पण ती घरातून गेली तर खुर्चीही तिच्याबरोबर घरातून जाणार होती! हवी म्हणून आणलेली सून, आता नको झाली तरी टाकता येत नाही. तो पायऱ्या उतरला. त्याच्यामागे नवीन, मग पंच, मग एकेक करून सगळे पुरुष. चौपालीवर प्रोमिला उरली आणि पिशवी पोटाशी धरलेला सतपाल.

"कोरम नाही, मॅडम," तो हळूच म्हणाला. त्यानं तिला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं होतं. "दोनशे डोकी लागतात. निघू मी?"

"बसा. काकी, घरोघर जा. सगळ्या बायकांना सांग, सरपंचानं सभेला बोलावलंय."

बिरमा आणि त्या चौघी गावात पांगल्या. प्रोमिलानं लिहिलेल्या पानावर आडवी रेघ मारली आणि नवं पान काढलं. तारीख घातली. ऊन चौपालीच्या खांबांवरून सरकत गेलं. कुठून तरी एक म्हातारी काठी टेकत आली आणि जन्मात पहिल्यांदा त्या पायऱ्या चढली. मागून दोघी आल्या. एकीच्या कडेवर मूल होतं. मग बराच वेळ कुणीच नाही.

बिरमा परत आली ती घामानं निथळत. त्या चौघींना धरून सगळ्या मिळून अकरा.

"बाकीच्या?"

"यायला निघाल्या होत्या बऱ्याच. काहींनी तर चपला घातल्या होत्या." बिरमानं पदरानं तोंड पुसलं. "पण इथून उठून गेलेले सगळे आपापल्या दारात उभे आहेत."

सतपाल पिशवी बंद करत म्हणाला, "याला कायद्यात काही किंमत नाही, मॅडम. अकरा जणींची सभा म्हणजे सभाच नव्हे."

"माहीत आहे. मी हेच शिकते."

तिनं अकरा नावं लिहिली. अमक्याची घरवाली, तमक्याची आई असं कुठेच नाही; प्रत्येकीला विचारून तिचं स्वतःचं नाव. दोघींना आठवायला जरा वेळ लागला. पाइप तोडल्याची तक्रार नोंदवली, आणि कुणी तोडला तेही. मग 'गैरहजर महिला' या रकान्यात आकडा घातला, आणि शेजारच्या 'कारण' या रकान्यात, आजवर ज्यात कुणी काहीच लिहिलं नव्हतं, तिनं सावकाश, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं:

दारात घरचे पुरुष उभे.