मुठीचा डबा

मित्रांनो, चुलीच्या बाजूला, मिठाच्या बरणीला टेकून जो पोचे पडलेला पत्र्याचा डबा बसला आहे ना, तो मी. आता माझे वय झाले. एका कानाला गंज चढला आहे आणि झाकणही पूर्वीसारखे घट्ट बसत नाही. कोणी मुद्दाम बघावे असे माझ्यात काही नाही, पण सांगण्यासारखे थोडे आहे.

जन्माने मी तेलाचा पिपा. चंद्रपूरच्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला मधोमध कापले, कडा ठोकून बोथट केल्या, दोन कान लावले आणि वर झाकण दिले. तिथून इसरूने मला बसमध्ये मांडीवर घेऊन आपल्या गावी आणले. एटापल्लीपासून आत, सागाच्या जंगलाला लागून त्याचे घर. घरात म्हातारी आई कमळाबाई आणि बायको रुखमा. ही माणसे प्रभू येशूला मानणारी. गावात अशी घरे थोडीच, आणि त्यांचे प्रार्थनाघर म्हणजे एक कौलारू खोली.

या घरांत एक रीत आहे. बाई स्वयंपाकाला तांदूळ मोजते आणि मोजून झाल्यावर त्यातली एक मूठ डब्यात टाकते. पोत्यातून नव्हे, मोजलेल्या तांदळातूनच. म्हणजे तेवढा घास घरातले कोणीतरी कमी खाते. रविवारी उपासनेनंतर सगळे डबे एका टोपलीत रिकामे होतात, आणि ज्या घरची चूल थंड आहे त्या घरी ते तांदूळ जातात. ते घर प्रार्थनेला येते की नाही, हे कोणी विचारत नाही.

इसरू मात्र भलताच होता. रुखमाची पाठ वळली की आपल्या रुंद हाताने हळूच दुसरी मूठ टाकायचा.

"मंग तुमी काय खासान?" रुखमा ओरडायची.

"तुयी बोलनी खाईन. पोट भरते तेवढ्यात."

एकदा बाहेरगावच्या पाळकांनी मला सगळ्यांसमोर उचलून धरले आणि म्हणाले, "हा डबा म्हणजे चालताबोलता उपदेश आहे." मित्रांनो, मी चालतही नाही आणि बोलतही नाही, पण त्या दिवशी फुगलो खरा. पुढे दिवस बदलले. माझे सोबती भंगारात गेले, घरोघरी प्लास्टिकच्या बरण्या आल्या. काही बाया तर रविवारी सकाळी पोत्यातूनच एकदा ओंजळ भरून घेऊ लागल्या. रुखमाने तसे कधी केले नाही.

मागच्या उन्हाळ्यात बांबूने भरलेली ट्रॉली वळणावर उलटली. ट्रॅक्टर चालवत होता गावातलाच लटारू, आणि तो मोहाची दारू प्यालेला होता. ट्रॉलीवर बसलेला इसरू बांबूंखाली सापडून जागीच गेला. लटारूला पोलिसांनी चंद्रपूरच्या तुरुंगात नेले.

रुखमा रडली नाही. लोक म्हणाले, रडेल दोन दिवसांनी. ती तेव्हाही रडली नाही. उपासनेला जाऊन बसायची, पण तिचे ओठ हलायचे नाहीत. बायकांच्या मंडळाची गुलाबबाई तिला म्हणाली, "प्रार्थना कर बाई, मन हलकं होईन."

"मनच नाई राह्यलं, तं हलकं काय होईन?" रुखमा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हते.

हात मात्र चालू होता. ती अजूनही तिघांचे तांदूळ मोजायची, आणि त्यातली एक मूठ माझ्यात पडायची. उरलेला भात सकाळी कमळाबाई कोंबड्यांना टाकायची. पत्र्याला काही वाटत नाही असे म्हणतात. त्या घरात तेव्हा माझ्यासारखेच सगळे झाले होते.

भातरोवणीचे दिवस आले. एका शनिवारी गुलाबबाई दारात आली आणि पदराशी चाळा करत उभी राहिली.

"रुखमा, उद्या तुया डबा आनू नको."

"काऊन?"

"उद्याचे तांदूळ लटारूच्या घरी चालले. त्याच्या बायकोले, रंजीताले, कोनी रोवन्याले बोलावत नाई. रेशनकार्ड सासऱ्यापाशी, अन् तो तिले दारात उभी नाई करत. दोन्ही पोरी पेजेवर हाये. तू नाई देल्लं तं तुले कोनी काई म्हननार नाई बाई. प्रभूबी नाई म्हननार."

आतून कमळाबाई कडाडली, "बरं केलं सांगतलं! माया पोराच्या घरचा दाना त्या घरी नाई जानार."

गुलाबबाई गेली.

सांजेला रुखमाने चूल पेटवली आणि तांदूळ मोजले. तिघांचेच. ती त्या तांदळाकडे बघत राहिली. चुलीवरचे पाणी उकळून उतू जाऊ लागले तरी बघतच राहिली. मग तिने माझे झाकण काढले आणि एक मूठ टाकली. मग दुसरी. मग आणखी. इसरूच्या वाट्याचे सगळे तांदूळ माझ्यात आले तेव्हाच तिचा हात थांबला.

"काय करून राह्यली तू?" कमळाबाई उठून आली. "त्याले माफ केलं का?"

"नाई."

"मंग?"

"मले काईच नाई येत, आत्याबाई. माफ करता नाई येत, रडताबी नाई येत. पन तांदूळ टाकता येते."

कमळाबाई त्या सांजेला जेवली नाही.

रविवारी रुखमा मला घेऊन प्रार्थनाघराकडे वळलीच नाही. थेट लटारूच्या अंगणात गेली. रंजीता दारात आली, हिला पाहून मागे सरली आणि भिंतीला टेकली. तिच्या मागून दोन पोरी डोकावल्या.

"बाई, मले नाई घेववत," रंजीता कशीबशी म्हणाली.

"मलेबी नाई देववत," रुखमा म्हणाली. "जाय, सूप आन."

रंजीताने सूप आणले. रुखमाने एका हाताने सुपाची कड धरली आणि दुसऱ्या हाताने मला पालथे केले. मी आयुष्यात कितीदा तरी रिकामा झालो असेन, पण इतका सावकाश कधीच नाही.

रुखमा घरी आली तेव्हा कमळाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तशीच बसून तिने विचारले, "लहानी पोरगी चालते का आता?"

"चालते," रुखमा म्हणाली.

मित्रांनो, रुखमा अजूनही रडलेली नाही. तिचे मन जागे होईल की नाही, हे मला ठाऊक नाही. पण एवढे सांगतो. तुमच्या घरात कोणी असे गप्प झाले, तर 'मनापासून कर' म्हणून त्याच्या मागे लागू नका. त्याचा हात चालू असेल तर चालू द्या, आणि जवळ बसून त्याच्यासोबत तांदूळ निवडा. आणि कधी तुम्हालाच नको त्या दारी द्यायची वेळ आली, तर मन तयार होण्याची वाट पाहू नका. मन येईल मागून, नाहीतर नाही येणार. पोरींना मात्र आज जेवायचे असते.