वेलदोड्याचा वास येणारा नाचाचा बूट

मित्रांनो, मी बॅले नाचाचा एक जुना बूट आहे. जुना म्हणतो खरा, पण माझा तळवा अजून कोरा आहे. ज्या बुटात मुली अंगठ्याच्या टोकावर उभ्या राहतात, त्या जातीचा मी. सध्या माझा मुक्काम गिम्ली गावातल्या रिंकवर, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानात आहे. तिथे स्केटना, म्हणजे बर्फावर घसरायच्या पात्यांच्या बुटांना, धार लावायचं यंत्र आहे, त्याच्या वरच्या खिळ्याला मी लटकतो. नाचाचा बूट इथे कसा, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या टोकात लोखंड नाही की लाकूड नाही. पिठाची खळ लावून कापडाचे आणि कागदाचे थर एकावर एक चिकटवले, की झालं टोक. कारागिराने मला आधी उलटा शिवला आणि मग सुलटा केला. तेव्हापासून मी जगाकडे जरा संशयानेच बघतो. वरून गुलाबी साटीन चढलं आणि तळव्यावर कारागिराची खूण उमटली. प्रत्येक कारागिराची खूण वेगळी असते. आमच्याची होडी होती. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही जन्मला. आमच्यात डावा-उजवा असा भेद नसतो, त्यामुळे थोरला कोण हे भांडण आमच्यात कधी मिटलं नाही.

विनिपेग शहरातल्या एका दुकानात आम्ही खोक्यात पडून असायचो. मुली यायच्या, पाय घालायच्या, नाक मुरडायच्या. परत झाकण. नकार ऐकून ऐकून भाऊ म्हणायचा, "आपल्याला काही स्थळ मिळत नाही."

मग एका मंगळवारी आस्ता आली. सातवीतली, उंच, काटकुळी मुलगी. बरोबर तिचे वडील गुनार आणि आजी. ही मंडळी मूळची आइसलँडची, त्यांच्यात आजीला अम्मा म्हणतात. गुनार गिम्लीच्या रिंकवर बर्फ राखायचा आणि गावातल्या पोरांच्या स्केट ठीकठाक करायचा. पायातलं आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्याचं ठाम मत होतं.

आस्ताच्या नाचाच्या बाईंनी सांगितलं होतं, शनिवारी बूट आणा, मी तपासते. ज्यांचे नीट बसतील त्यांना टोकावर नाचायला सुरुवात करू देईन. बाकीच्यांनी नाताळानंतर, खालच्या वर्गातल्या मुलींबरोबर.

दुकानातल्या इव्हेटबाई पायाला बूट बसवण्यात तरबेज होत्या. त्यांनी पहिला जोड काढला.

अम्मा म्हणाली, "जरा मोठा द्या हो. वाढतं अंग आहे."

"यात वाढीला जागा ठेवत नाहीत, अम्मा. पाय आत घसरतो आणि बोटं मोडतात."

"मग लोकरीचा मोजा कुठे मावणार?"

"मोजा नाही घालायचा."

"गिम्लीच्या थंडीत?" अम्माने गुनारकडे असं पाहिलं, जणू थंडी त्यानेच पाडली होती.

गुनार खाली बसून अंगठ्याने बूट दाबत होता. "ठीक आहे. स्केट अशीच हवी. आत पाय हलता कामा नये."

"ही स्केट नाही," इव्हेटबाई म्हणाल्या.

"पाय तर पायच ना?"

दुसरा जोड आला तो चकचकीत होता, आस्ताच्या मैत्रिणीकडे तसाच होता. ती आरशासमोरचा दांडा धरून टोकांवर उभी राहिली. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कसे आहेत?" इव्हेटबाईंनी विचारलं.

"मस्त."

"रडते आहेस."

"आनंदाने."

इव्हेटबाईंनी टाचेवरचं साटीन चिमटीत धरलं. मूठभर हातात आलं, इतका बूट सैल. "बाळ, तोंड खोटं बोलतं, टाच बोलत नाही. काढ ते."

एकही जोड बसला नाही तर काय, या भीतीने बिचारी खोटं बोलत होती. तिसरा झाला, चौथा झाला. शेवटी सगळ्यात खालच्या खोक्याचं झाकण उघडलं आणि आमच्यावर उजेड पडला.

आस्ताचा पाय आत आला. ती उठली, टोकावर चढली आणि तिथेच थांबली. चिमटीत साटीन जेमतेम आलं. भाऊ कुजबुजला, "हलू नकोस. ठरतंय बहुतेक."

गुनारने तळवा उलटून पाहिला. "अगं आई, होडी आहे! आपल्या आजोबांच्या मासेमारीच्या होडीसारखी!"

"मग आधीच का नाही काढले?" अम्मा इव्हेटबाईंवरच उखडली.

निघताना इव्हेटबाईंनी बजावलं, "बाईंनी तपासेपर्यंत खोक्यातच ठेवा. घालायचे नाहीत, वाकवायचे नाहीत, काहीच करायचं नाही."

गुनारने मान हलवली. पण ती मान हॉकीवाल्याची होती. नवी स्केट टणक असते, ती ओव्हनमध्ये शेकली की मऊ पडते आणि पायाचा आकार घेते. रिंकवर त्याने कितीतरी पोरांच्या स्केट अशा शेकल्या होत्या. गुरुवारी आस्ता शाळेत गेल्यावर त्याने आमचं टोक दाबून पाहिलं. दगड! लेकीच्या पायाची त्याला दया आली.

स्वयंपाकघरात अम्माचा नाताळचा केक ओव्हनमध्ये होता. त्यात सुक्या आलुबुखाराचे थर आणि भरपूर वेलदोडा.

"आई, एका बाजूला जरा जागा कर."

"माझ्या केकशेजारी जोडा? डोकं फिरलंय का तुझं?"

"नवा आहे, स्वच्छ आहे. आणि आधी एकच घालून बघतो. मी काही वेडा नाही."

तो एक म्हणजे मी. भाऊ टेबलावरून बघत राहिला. थोरलं होण्याची हौस माझी तेव्हाच फिटली.

मित्रांनो, मी शेवटी पीठच. पिठाला ओव्हनमध्ये घातल्यावर जे होतं, तेच माझं झालं. मऊ पडायचं सोडून मी टोस्टसारखा कडक झालो. नाकावर खमंग तपकिरी डाग पडले. गुनारने घाबरून मला टेबलावर आपटून पाहिलं. ठक ठक!

"दार वाजतंय," आतून अम्मा ओरडली. "बघ कोण आलंय."

संध्याकाळी आस्ताने खोकं उघडलं. एक गुलाबी, एक भाजका.

"पप्पा, तुम्ही हा भाजलात?"

"भाजला नाही गं. शेकला."

"मग शनिवारी मी काय घालू? स्केट?"

त्यानंतर ती बापाशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गुनारने शाळेतूनच तिला गाडीत घातलं आणि विनिपेग गाठलं. वाटभर त्याने तीन वेळा विनोद करून पाहिला. ती खिडकीबाहेरचं बर्फ बघत होती.

इव्हेटबाईंनी मला हातात घेतलं, ठोकलं आणि हुंगलं. "वेलदोडा?"

"आईचा केक होता शेजारी," गुनार पुटपुटला.

"केक कसा झाला?"

"चांगला झाला."

"कोणाचं तरी भलं झालं म्हणायचं. असा दुसरा जोड तर नाही आता."

मग इव्हेटबाईंनी मागून एक पेटी ओढत आणली. काही मुलींचे दोन पाय सारखे नसतात, त्यांच्यासाठी दोन जोड फोडावे लागतात. मागे राहिलेले एकांडे त्या पेटीत. सगळे बिजवर! त्या एकेकाचा तळवा पाहू लागल्या. चावी, घंटा, चावी, पान... आणि तळाशी होडी! त्याच कारागिराची, त्याच मापाची.

"पण आज पायावर बघायला हवं. ऊठ, बाळ."

दांड्यासमोर खोक्यांचा ढीग पडला होता. गुनारने कोट काढला, बाही वर सारली आणि हात आडवा धरला. "हा घे दांडा. हलणार नाही."

आस्ताने त्या हाताकडे पाहिलं. मग तो घट्ट धरला आणि ती वर चढली. एका पायात माझा भाऊ, दुसऱ्यात तो परका.

गुनार तिच्या पायाकडे वाकला. "कुठे लागतंय?" त्याने विचारलं. "खरं सांग हं."

"करंगळीला. थोडंसं."

कालपासूनचा तिचा तो पहिला शब्द. गुनारचं तोंड असं फुललं, जणू करंगळी दुखते हीच जगातली सगळ्यात गोड बातमी होती. इव्हेटबाईंनी करंगळीपाशी लोकरीचा चिमूटभर पुंजका ठेवला. आस्ता पुन्हा वर चढली आणि या वेळी हसली.

शनिवारी नाचाच्या बाईंनी बूट तपासले आणि फिती शिवायला सांगितल्या, म्हणजे आस्ताला परवानगी मिळाली. मी तिथे नव्हतो, मला गुनारने रिंकवरच्या खिळ्याला टांगलं होतं. हे मला भावाने सांगितलं. वसंत येईपर्यंत तो नाचून नाचून उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ झाला, साटीनच्या चिंध्या झाल्या, आणि आस्ताने त्याला आणून माझ्या शेजारी टांगलं. तो दिवसभर नाचाच्या गोष्टी सांगतो. मी ऐकतो. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण थंडीत रिंकवर अजून वेलदोड्याचा वास दरवळतो, तो माझाच.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं माझे सगळे जातभाई तुम्हाला सांगतात. मी सांगत नाही. मला काळजीनेच भाजलं. मी एवढंच मागतो, की कोणाची काळजी घ्यायची झाली तर आधी त्याला विचारा.

आता कोणी बाप नवी स्केट घेऊन आला आणि "शेकून द्या" म्हणाला, तर गुनार आधी माझ्याकडे एक नजर टाकतो. मग पोरासमोर गुडघ्यावर बसतो आणि विचारतो, "बोल रे, कुठे लागतंय?"